विनोदाची उतरंड

परभणी जिल्ह्यातील माणसाला दोन म्हणी जणू वारशाने मिळतात. पहिली ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ आणि दुसरी ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’. पहिली निजामी राजवटीपासून चालत आली आहे, असे जुनी मंडळी सांगतात. कुठेच काही जमले नाही तर शेवटी परभणी आहेच, असा तिचा सर्वसाधारण अर्थ. म्हणजे सरळसरळ आपल्या मागासलेपणावरचा शेरा. दुसरीत प्रौढी आहे, परंतु तीही इतकी अवास्तव की म्हणणाराच आधी हसतो. गंमत अशी की या दोन्ही म्हणी बाहेरच्यांपेक्षा आपणच अधिक म्हणतो. जिंतूरच्या बसस्थानकावर गाडीची वाट पाहून कंटाळलेला एखादा गृहस्थ पहिली म्हण उच्चारतो आणि बाकावरचे चार अनोळखी लोक हसतात. त्या हसण्यापुरते ते अनोळखी राहत नाहीत. समूहाची ओळख अशीही घडते. आपल्या उणिवेवर आपणच हसण्याचा हक्क हीदेखील एक सामाईक मालमत्ता असते.

या म्हणींनी आजवर कुणाचे घर उठले नाही, कुणाला पाणवठ्यावरून परत फिरावे लागले नाही. म्हणूनच त्या आपल्याला प्रिय आहेत. आता याच बोलीतील तिसरी म्हण घेऊ : ‘गाव तिथे महारवाडा’. शब्दशः पाहिले तर ही केवळ वस्तुस्थिती आहे. मराठवाड्यातील कोणत्याही जुन्या गावाची रचना तशीच होती. परंतु ही म्हण गावरचना सांगण्यासाठी कुणी वापरीत नाही. चांगल्या ठिकाणी काहीतरी वाईट असायचेच, असे सांगण्यासाठी ती वापरली जाते. एका माणसाचे घर हा दुसऱ्याच्या बोलण्यातला ‘घाण’ या शब्दाचा पर्याय होऊन बसतो, आणि बोलणाऱ्याला त्याचे काहीच वाटत नाही.

यावर एक ठरलेला आक्षेप येतो. म्हणी काय सर्वच जातींवर आहेत. ‘सोनार, शिंपी, कुळकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा’ हे ऐकून कुणी कुळकर्णी रागावत नाही, मग तुम्हीच का रागावता? प्रश्न वाजवी आहे आणि त्याचे उत्तरही द्यायला हवे. कुळकर्ण्याला हसणाऱ्या कुणब्याचा सातबारा कुळकर्ण्याच्याच दप्तरात होता. त्या म्हणीने कुळकर्ण्याचे वतन गेले नाही, त्याची पंगत बदलली नाही, त्याच्या मुलाला शाळेच्या दाराबाहेर बसावे लागले नाही. महारवाड्यावरच्या म्हणीच्या पाठीशी मात्र वेगळा पाणवठा, वेगळी वाट, वेगळे मसणवट उभे होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिव्यवस्थेचे वर्णन करताना ‘श्रेणीबद्ध विषमता’ ही संकल्पना वापरली. वर चढत जाणारा आदर आणि खाली उतरत जाणारा तुच्छताभाव, अशी ती रचना. मला असे म्हणावयाचे आहे की आपल्याकडे हसूही त्याच उतरंडीवर रचलेले आहे. खालून वर फेकलेला विनोद आणि वरून खाली फेकलेला विनोद यांचे शब्द सारखे असले तरी त्यांचे वजन सारखे नसते.

सामाजिक मानसशास्त्रात या प्रश्नाचा बराच विचार झाला आहे. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०५ साली विनोदावर लिहिलेल्या ग्रंथात एक मार्मिक निरीक्षण नोंदविले होते : शत्रुत्वाच्या विनोदाला तीन माणसे लागतात. एक सांगणारा, दुसरा ज्याच्यावर सांगितला जातो तो, आणि तिसरा ऐकणारा. विनोद सफल झाला की नाही हे तिसरा ठरवतो. पहिल्याला दुसऱ्याशी काही देणेघेणे नसते. त्याला तिसऱ्याचे हसू हवे असते. दुसरा तिथे हजर नसला तरी चालते. किंबहुना, अनेकदा तो हजर नाही याची खात्री करूनच विनोद सांगितला जातो.

या तिसऱ्या माणसाच्या मनात काय घडते, हे पुढे प्रयोगांनी तपासले गेले. थॉमस फोर्ड आणि मार्क फर्ग्युसन या अमेरिकन संशोधकांनी २००४ साली एक सिद्धान्त मांडला. एखाद्या समूहाला हिणवणारा विनोद ऐकून मनात नवा पूर्वग्रह निर्माण होतो असे नाही. ज्याच्या मनात तो आधीपासून आहे, त्याला मात्र तो विनोद परवाना देतो. इथे हे चालते, इथे गंभीर होण्याचे कारण नाही, असा संकेत त्याला मिळतो आणि एरवी आवरून धरलेले वर्तन मोकळे होते. २००८ साली फोर्ड यांनी सहकाऱ्यांसह केलेल्या एका प्रयोगात पुरुष विद्यार्थ्यांना विनोदी प्रवेश दाखविण्यात आले. काहींना स्त्रियांची टिंगल करणारे, काहींना साधे. नंतर विद्यार्थी संघटनांच्या अंदाजपत्रकात कपात सुचविण्यास सांगितले. ज्यांच्या मनात स्त्रियांविषयी वैर मुळातच अधिक होते, त्यांनी टिंगलीचे प्रवेश पाहिल्यावर महिला संघटनेच्या निधीला मोठी कात्री लावली. ज्यांच्या मनात तसे वैर नव्हते, त्यांच्या निर्णयावर त्या प्रवेशांचा असा परिणाम झाला नाही.

मला याहून महत्त्वाचा वाटतो तो २०१४ सालचा पुढचा प्रयोग. त्यात असे आढळले की मुस्लिमांवरच्या किंवा समलिंगी पुरुषांवरच्या विनोदाने भेदभाव मोकळा होतो. परंतु दहशतवाद्यांवरच्या किंवा वंशवाद्यांवरच्या विनोदाने तसे काही होत नाही. कारण उघड आहे. दहशतवाद्याचा तिरस्कार करायला कुणाला परवाना लागत नाही. तो समाजमान्यच असतो. परवाना लागतो तो अशा समूहाच्या बाबतीत, ज्याच्याविषयी समाजाचे मन दोन दगडांवर उभे आहे : तोंडाने समता मान्य केली आहे, पोटात ती उतरलेली नाही. अमेरिकेतील महाविद्यालयीन मुलांवर केलेले प्रयोग जसेच्या तसे आपल्या गावांना लावता येणार नाहीत, हे मला मान्य आहे. पण या एका बाबतीत आपली अवस्था त्यांच्याहून अधिक ठळक आहे. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. त्यानंतर १९५५ चा कायदा आला, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. जे पूर्वी चावडीवर उघड बोलता येत होते, ते आता बोलता येत नाही. मग ते विनोदाचे कपडे घालून येते. कुणी हटकलेच, तर ‘अहो, गंमत केली’ हे उत्तर तयार असते. अशा विनोदाची खरी सोय हीच आहे की तो म्हटला तर बोललेला असतो आणि म्हटला तर नसतो.

मराठवाड्याने या प्रकारचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या अंगणात पाहिले आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर नांदेड, परभणीसह मराठवाडाभर दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. नामांतराच्या त्या काळात एक ओळ गावोगाव फिरली : ‘घरात नाही पीठ, कशाला हवे विद्यापीठ’. यमक छान जुळले आहे. पारावर, बसमध्ये, कचेरीत ती ऐकून हसणाऱ्या सर्वांनीच हातात काठी घेतली असे म्हणता येणार नाही. बहुसंख्यांनी घेतली नाही. पण ज्यांनी घेतली, त्यांना आपल्या मागे हसणारा एक मोठा जमाव आहे हे ठाऊक होते. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली पूर्वग्रहावरील आपल्या ग्रंथात पाच पायऱ्या सांगितल्या होत्या : पाठीमागे वाईट बोलणे, टाळणे, भेदभाव करणे, अंगावर जाणे आणि संहार. प्रत्येक टवाळी शेवटच्या पायरीपर्यंत जातेच असे त्यांनी म्हटलेले नाही. वरच्या पायरीवर पोहोचलेले लोक मात्र खालच्या पायऱ्या चढूनच गेलेले असतात, एवढेच त्यांचे म्हणणे.

त्या यमकाकडे थोडे आणखी निरखून पाहिले पाहिजे, कारण त्यात केवळ हेटाळणी नव्हती, एक युक्तिवादही दडलेला होता. पोट रिकामे असणाऱ्याने नावाचा, मानाचा, ज्ञानाचा आग्रह धरू नये. आधी भाकर, मग प्रतिष्ठा. इतिहास याच्या नेमका उलट घडला होता. हैदराबाद संस्थानातून बाहेर पडलेल्या मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय जवळपास नव्हती, तेव्हा १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले. पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. तिथे आलेल्या मुलांपैकी कितीतरी जणांच्या घरी खरोखरच पीठ नव्हते. ती मुले पिठासाठी थांबली असती, तर आज या जिल्ह्यातले किती शिक्षक, किती अभियंते, किती लेखक नसते! ‘आठवणींचे पक्षी’ लिहिणारे प्र. ई. सोनकांबळे त्याच परिसरात शिकवीत होते. भुकेचे इतके तपशीलवार आणि इतके निर्विष वर्णन मराठीत थोडे आहे. विद्यापीठाचा नामविस्तार होण्यास १४ जानेवारी १९९४ ही तारीख उजाडावी लागली. सोळा वर्षे एक समाज या यमकाला उत्तर देत होता.

आजची पिढी म्हणेल की तो काळ गेला. काठ्या बऱ्याच अंशी गेल्या असतील. विनोद वर्गात आणि भ्रमणध्वनीत शिरला आहे. ‘सरकारचे जावई’ हा शब्दप्रयोग आपल्यापैकी ज्याने ऐकला नाही असा विद्यार्थी क्वचितच सापडेल. आरक्षणावरच्या चुटक्यांत डॉक्टर चुकीचा दात उपटतो, अभियंत्याचा पूल कोसळतो, आणि पुलाच्या ठेकेदाराची जात मात्र चुटक्यात कधीच येत नाही. ज्याच्यावर हा चुटका आहे, त्याने काय करावे? हसावे तर आपल्याच अपात्रतेला दुजोरा दिल्यासारखे होते. न हसावे तर ‘याला विनोद कळत नाही’ हा दुसरा शिक्का तयारच असतो. इतरांना एका विनोदाची किंमत शून्य, आणि याला तो दोन्ही बाजूंनी महाग.

ही किंमत मोजता येते का? कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या सहाशेहून अधिक मुलांवर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. मुलांना कागदावरची भूलभुलय्याची कोडी सोडवायची होती आणि सुटलेल्या प्रत्येक कोड्यामागे एक रुपया मिळणार होता. सहा-सहा मुलांचे गट होते. प्रत्येकात तीन उच्च जातींची, तीन खालच्या मानलेल्या जातींची. जेव्हा जातीचा उल्लेखच झाला नाही, तेव्हा दोन्हींची कामगिरी जवळपास सारखी होती. जेव्हा कोडी देण्यापूर्वी प्रत्येकाचे नाव, गाव, वडिलांचे व आजोबांचे नाव आणि जात सर्वांसमक्ष वाचून दाखविली, तेव्हा खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी लक्षणीय घसरली. मुले तीच होती, बुद्धीही तीच. कुणी कुणाला शिवी दिली नव्हती, कुणी विनोदही केला नव्हता. केवळ जात मोठ्याने वाचली गेली होती.

हा प्रयोग वाचताना मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही एक दृश्य आठवेल. शिष्यवृत्तीचे अर्ज आले आहेत, गुरुजींच्या हातात यादी आहे आणि ते म्हणतात, ‘एस. सी.वाले उभे राहा.’ गुरुजींच्या मनात काही वाईट नसते. त्यांना काम उरकायचे असते. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच काहीतरी बोलतो, दोन-तीन मुले खुदकन हसतात, गुरुजी मान वर न करता ‘शांत बसा’ म्हणतात आणि पुढचे नाव घेतात. फ्रॉइडचा तिसरा माणूस इथे गुरुजी आहेत. ते हसले नाहीत हे खरे. परंतु ज्याला हसू आले त्याला आणि ज्याच्यावर हसू आले त्याला, दोघांनाही त्या दिवशी कळले की या वर्गात हे चालते.

वर्गातून बाहेर पडल्यावरही आडनाव पाठ सोडत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठविले होते. फरक फक्त नावांचा. उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची संधी सुमारे दोन-तृतीयांश राहिली, आणि मुस्लिम नावाची तर सुमारे एक-तृतीयांश. अर्ज चाळणारे ते अधिकारी दुष्ट होते असे मला वाटत नाही. आडनाव वाचताच त्यांच्या मनात जी चित्रे उमटली, ती कुणी भाषण देऊन भरलेली नव्हती. वर्षानुवर्षांच्या हसण्याखिदळण्यातून ती साचलेली होती.

मग विनोदावर बंदी घालावी काय? माझे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. शीख समाजावरील विनोदांना आळा घालावा म्हणून २०१५ साली एका शीख महिला वकिलाने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती. नागरिकांसाठी नैतिक आचारसंहिता आम्ही आखून देऊ शकत नाही, अशी भूमिका न्यायालयाने २०१७ साली घेतली. मला ती योग्य वाटते. जातीच्या नावाने सार्वजनिक ठिकाणी हेतुपुरस्सर अपमान करणे हा गुन्हा आहे आणि तो गुन्हा राहिलाच पाहिजे. पण प्रत्येक चुटक्यामागे पोलीस धावू शकत नाहीत, आणि धावू लागले तर ते प्रथम कुणाच्या दारात येतील हे आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे.

२०१२ सालचा व्यंगचित्राचा वाद या संदर्भात आठवतो. शंकर यांनी १९४९ साली काढलेले ते चित्र अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात छापले होते : संविधाननिर्मितीची गोगलगाय, तिच्यावर चाबूक घेतलेले बाबासाहेब आणि मागे चाबूक उगारलेले पंडित नेहरू. संसदेत गदारोळ झाला, पुस्तकाच्या सल्लागारपदावरून सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले आणि पुणे विद्यापीठातील पळशीकरांच्या कार्यालयाची नासधूस झाली. ती नासधूस चुकीची होती. पुस्तकाला उत्तर पुस्तकानेच द्यावे लागते. परंतु दुसऱ्या बाजूचा जो युक्तिवाद वारंवार ऐकू आला, की स्वतः बाबासाहेबांनी त्या काळी आक्षेप घेतला नाही तर तुम्ही कोण, तोही मला अपुरा वाटतो. १९४९ साली ते चित्र वाचणारे बाबासाहेब कायदामंत्री होते. आज ते चित्र पाहणारा सोळा वर्षांचा मुलगा चाळीस जणांच्या वर्गात एकटा बसलेला असतो. पुढे उन्नमती श्याम सुंदर यांनी १९३२ ते १९५६ या काळातील इंग्रजी वृत्तपत्रांतली शंभराहून अधिक आंबेडकर-व्यंगचित्रे २०१९ साली एका ग्रंथात एकत्र केली. हे खरे उत्तर होते. सुटे चित्र निरुपद्रवी दिसते. शंभर चित्रे ओळीने पाहिली की चित्रकारांच्या नजरेची सवय दिसू लागते.

औरंगाबादच्या महाविद्यालयाला ज्या ग्रंथावरून नाव मिळाले, त्या ‘मिलिंदप्रश्ना’त एक मार्मिक प्रसंग आहे. राजा मिलिंद चर्चेचे आमंत्रण देतो तेव्हा भदंत नागसेन विचारतात : चर्चा पंडितांच्या रीतीने करणार की राजांच्या रीतीने? पंडितांच्या चर्चेत खंडन होते, चूक दाखविली जाते, कबूलही केली जाते, आणि कुणी रागावत नाही. राजांच्या चर्चेत राजा एक विधान करतो आणि जो असहमत होईल त्याला शिक्षा होते. विनोदालाही हाच प्रश्न विचारावा, असे मला नेहमी वाटते. ‘विनोद विनोदाने घ्या’ असे म्हणणारा पंडितांच्या रीतीने बोलत असेल, तर उलट त्याच्यावर केलेला विनोदही त्याला तितक्याच आनंदाने घेता आला पाहिजे. तो घेता येत नसेल, तर ती राजाची चर्चा होय.

उलट दिशेच्या विनोदाची आपली परंपरा काही छोटी नाही. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहिले, तेव्हा जोशीबुवाच्या थापांना भुलणाऱ्या कुणबी जोडप्याच्या शेजारी त्यांनी एक विदूषक उभा केला. संस्कृत नाटकातला विदूषक राजाचा मित्र असतो. फुल्यांचा विदूषक प्रेक्षकांचा मित्र आहे, मध्येच तोंड घालून तो लबाडी उघडी पाडतो. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक नाकारले आणि छापील रूपात ते लोकांसमोर यायला १९७९ साल उजाडले. पुढे सत्यशोधक जलसे आले. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांचे आंबेडकरी जलसे आले. तमाशातला सोंगाड्या पूर्वीही पाटलाची, राजाची फिरकी घेत असे, पण बोर्डावरून उतरला की तो पुन्हा गावकुसाबाहेर. जलशाने सोंगाड्याला मंचाखालीही ताठ राहायला शिकविले. आज मुंबईत काही दलित तरुण-तरुणी ‘ब्लू मटेरियल’ या नावाने एकपात्री विनोदाचे कार्यक्रम करतात. नावातला निळा रंग समजायला भाष्य नको. तिकीट काढून आलेले उच्चवर्णीय प्रेक्षक तिथे स्वतःच्या आडनावावर हसतात. हा बदल लहान नाही.

बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ या बाबतीत मला सर्वांत धीट पुस्तक वाटते. त्यांनी आपल्याच वस्तीतल्या अंगात येण्याच्या, नवस-सायासांच्या, सासुरवासाच्या रीतींवर जे आसूड ओढले आहेत, त्यांत हसू आहे आणि कळवळाही आहे. आपल्या माणसांवर असे हसण्याचा अधिकार त्यांना होता, कारण त्या वस्तीचे दुःख त्यांनी उपसले होते. तीच वाक्ये बाहेरच्याने उच्चारली तर त्यांचा अर्थ बदलेल. काहींना ही दुटप्पी नीती वाटते. पण घरातल्या म्हातारीच्या बोळक्या तोंडावर नातवाने हसणे आणि शेजाऱ्याने हसणे यांतला फरक आपण सर्वच जाणतो.

इथवर जे लिहिले, त्याने या स्मरणिकेच्या वाचकाला बरे वाटले असेल. निशाण समोरच्याकडे होते. पण उतरंडीचे वैशिष्ट्य असे की तळाच्या मडक्याखेरीज प्रत्येकाच्या खाली कुणीतरी असतेच. आपल्या वसतिगृहांत काय चालते? पारध्याच्या पोराची पेटी हरवलेल्या वस्तूसाठी सर्वांत आधी उघडली जाते आणि त्यावर गंमत होते. तांड्यावरून आलेल्या मुलाच्या गोरमाटी बोलीची नक्कल स्नेहसंमेलनात टाळ्या घेते. मातंग मुलगा आणि बौद्ध मुलगा एकमेकांना कोणत्या नावांनी चिडवतात, हे इथे लिहिण्याची गरज नाही. वाचकांना ती नावे पाठ आहेत. काळ्या रंगावरून, तोतरेपणावरून, मुलीसारखा चालतो म्हणून ठेवलेली नावे तर दहावीच्या निकालानंतरही चिकटून राहतात. ज्याने स्वतः ‘सरकारचा जावई’ ऐकले आहे, त्याने हे करावे, याचे आश्चर्य वाटते. पण हेन्री ताज्फेल यांचे १९७० च्या सुमाराचे ब्रिस्टॉलमधील प्रयोग आठवले की आश्चर्य ओसरते. नाझींच्या छळात आपले बहुतेक आप्त गमावलेला हा पोलिश ज्यू संशोधक. त्याने शाळकरी मुलांना अगदी क्षुल्लक कारणांवरून दोन गटांत वाटले, कुणाला कोणते चित्र आवडले एवढ्यावरून. मुलांनी लगेच आपल्या गटाला झुकते माप दिले; इतकेच नव्हे, तर पुष्कळदा आपल्या गटाला मिळणारी रक्कम थोडी कमी झाली तरी चालेल, पण दुसऱ्या गटापेक्षा ती अधिक असावी, असा कल दाखविला. फायद्यापेक्षा फरक प्रिय. श्रेणीबद्ध विषमता इतकी वर्षे कशी टिकली, याचे एक उत्तर त्या मुलांच्या वह्यांत सापडते.

मुलांना एका पंगतीत बसविले की प्रश्न सुटतो, अशी आपल्या निवासी शाळांची जुनी श्रद्धा आहे. ती अर्धीच खरी आहे. १९५४ च्या उन्हाळ्यात मुझफर शेरीफ यांनी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात बावीस मुलांचे एक शिबिर भरविले. मुले अकरा वर्षांच्या आसपासची. दोन गट केले, सामने लावले. चार दिवसांत शिव्या, टोपणनावे, झेंडे जाळणे असा प्रकार सुरू झाला. मग दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसविले, तर मुलांनी एकमेकांवर अन्न फेकले. नुसत्या एका छपराखाली आणण्याने काही साधले नाही. पुढे संशोधकांनी मुद्दाम शिबिराचे पाणी बंद पाडले. टाकी कुठे अडली हे दोन्ही गटांना मिळून शोधावे लागले. बंद पडलेला ट्रक दोरखंडाने सर्वांनी मिळून ओढला. तेव्हा कुठे टोपणनावे मागे पडली. मोठ्यांनीच आधी भांडण लावून दिले आणि मग मिटविले, अशी टीका या प्रयोगावर झाली आहे आणि ती रास्त आहे. तरी पाणी भरण्याची पाळी, स्वयंपाकघर, बाग, संमेलनाचे नेपथ्य यांची वाटणी खोलीनिहाय किंवा गावनिहाय करायची की मुद्दाम सरमिसळ करून, हा निर्णय प्रत्येक अधीक्षकाच्या हातात असतो आणि त्याला एक पैसाही लागत नाही. पूर्णेच्या काठी, धरणाच्या सावलीत राहणाऱ्यांना पाणी सर्वांचे असते हे वेगळे शिकवावे लागू नये. पण कधी कधी लागते.

हिणवणाऱ्या विनोदावर व्याख्यान देऊन उपयोग होत नाही. मुले व्याख्यानावरही चुटके करतात. त्यापेक्षा एक साधा उपाय अनुभवी शिक्षक करतात. चुटका सांगणाऱ्याला शांतपणे म्हणायचे, ‘मला समजले नाही, यात हसण्यासारखे काय आहे ते जरा समजावून सांग.’ समजावून सांगताना त्याला ते वाक्य सरळ बोलावे लागते, आणि सरळ बोलले की त्याचे कपडे गळून पडतात. वर्गात कुणी हसत नाही. सांगणाराही ओशाळतो, पण शिक्षा झाल्याचा राग त्याच्या मनात राहत नाही.

शिष्यवृत्तीच्या यादीचे काम तर याहून सोपे आहे. शाळा जूनमध्ये उघडतात आणि अर्ज त्यानंतरच भरावयाचे असतात. यादी वर्गात वाचण्याऐवजी प्रत्येक मुलाला मधल्या सुट्टीत कार्यालयात एकेकटे बोलावले, तर लिपिकाचे दोन-तीन दिवस अधिक जातील.